पणजीची जुनी पेठ – खाली दुकान, वर बिऱ्हाड अजून कुठे उरलंय?

चिरेबंदी_वाडीकर

पणजी म्हटलं की फोंताईन्हासचे फोटो येतात. पिवळी भिंत, निळी खिडकी, समोर हॅट घातलेली बाई. त्या गल्लीवर हजार धागे आहेत, हा त्यातला नाही.

मला जुन्या पेठेबद्दल विचारायचंय. चर्च चौक, म्युनिसिपल गार्डन, तिथून नदीकडे उतरणारे रस्ते, पोस्टाच्या मागचं सां तोमे, १८ जून रस्त्याची सुरुवात. इथल्या दुमजली इमारती मुळात दुकानासाठीच बांधलेल्या. खाली गाळा, वर कठड्याची लोखंडी जाळी आणि शेठचं बिऱ्हाड. आम्ही सावंतवाडीचे. बांबोळीच्या इस्पितळात कुणाला दाखवायला नेलं की परतताना पणजीत खरेदी ठरलेली. परवा गेलो तर ओळखीच्या दोन गाळ्यांना कुलूप, तिसऱ्यात टी-शर्ट आणि काजूच्या पाकिटांचं दुकान.

माझं मत असं की जुनी इमारत टिकते ती आतल्या धंद्यावर, बाहेरच्या रंगावर नाही. ज्या गाळ्यात रोज सकाळी कुणीतरी झाडू मारून फळी उघडतो, तिथलं छप्पर गळायला लागलं की आठ दिवसांत कौलं बदलली जातात. बंद इमारतीत ते कळतं तेव्हा वासा खाली आलेला असतो.

तर सांगा, पणजीत गावातल्या गिऱ्हाईकाच्या जिवावर चालणारं जुन्या इमारतीतलं दुकान आणि वर राहती माणसं, हे अजून कुठे दिसतं? हॉटेल, होमस्टे, 'बुटीक' धरायचं नाही.

पिंपळपान

हॅट घातलेली बाई मीच. हॅट भाड्याची होती. :)

बन्स_आणि_भाजी

खाण्याची दुकानं धरणार की नाही ते आधी सांगा. कारण पणजीची पेठ जर कशाने जिवंत असेल तर सकाळच्या भाजीपावाने. टाटो १९१३ पासूनचं, भोसले १९२० पासूनचं. दोघांनी शंभरी ओलांडली. सकाळी साडेआठला भोसल्यांकडे जा. सरकारी कारकून, मासळी विकून आलेली बाई, वकील, बँकेचा शिपाई, सगळे एकाच टेबलावर. वेटर विचारत नाही 'काय हवं', तो विचारतो 'मिक्स की सुकी?' बन्स संपले असतील तर चेहरा बघूनच सांगतो.

चिरेबंदी_वाडीकर

धरले. हा नियम मोडायला मी कोण.

मांडवीकाठचा

मी जन्मापासून पणजीकर, म्हणून जरा लांबण लावतो.

ही पेठ कशी उभी राहिली ते पाहिल्याशिवाय ती का पडतेय ते कळायचं नाही. राजधानी आधी जुन्या गोव्यात. तिथे साथींनी माणसं मरू लागली आणि वस्ती उठली. १७५९ साली व्हाइसरॉयच पणजीला, नदीकाठच्या आदिलशहाच्या वाड्यात राहायला आला. हेच आपलं जुनं सचिवालय. पण पणजी तेव्हा म्हणजे दलदल, वाळूचे उंचवटे आणि माड. रायबंदरहून पायी यायचं तर १६३३-३४ मध्ये बांधलेला तीनेक किलोमीटरचा लिन्हारिसचा पूल, दोन्ही बाजूंना खाजण. गाव खरं आखलं ते व्हाइसरॉय दोम मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रोने, म्हणजे १८२७ ते १८३५. वाळू सपाट केली, दलदल बुजवली, सरळ रस्ते काढले. आणि १८४३ मध्ये पोर्तुगालच्या राणीच्या हुकुमाने अधिकृत राजधानी, नाव नोव्हा गोवा.

आता गंमत बघा. बांधायला दगड आणले कुठून? जुन्या गोव्यातल्या ओस पडलेल्या इमारतींतून. चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहून वर जी मोठी घंटा दिसते, ती तिथल्या आगुस्तिनियन मठाची. आझाद मैदानातल्या मंडपाचे खांबही तिथलेच. म्हणजे पणजीची पेठ ही एका मेलेल्या पेठेच्या मालावर उभी आहे.

आणि सुरुवातीपासून ती सरकारच्या पैशावर चाललेली. आजचं मुख्य पोस्ट ऑफिस म्हणजे तंबाखूच्या मक्त्याचं घर होतं. शेजारी टांकसाळ, १८३४ ते १८४१. पलीकडे कस्टम, बंदर कप्तानाची कचेरी. पगार झाला की दुकान चालायचं. २००० साली विधानसभा नदीपलीकडे पर्वरीला गेली, मोठी इस्पितळं आधीच बांबोळीला गेलेली, कचेऱ्या खाडीपलीकडच्या पाट्टोवर गेल्या. दुपारी जेवायला बाहेर पडणारा बाबू पेठेतून उठला. तुमच्या कुलपांचं निम्मं उत्तर इथे आहे.

अक्षता_प

वाचनखूण साठवली. त्या पोस्टासमोरच्या चौकातच पोर्तुगिजांविरुद्धच्या १७८७ च्या पिंटोंच्या बंडातल्या लोकांना फाशी दिल्याचं सांगतात ना?

मांडवीकाठचा

होय, पंधरा जणांना देहदंड झाला. आता तिथे स्कूटर लावायला जागा मिळत नाही.

नाना_सुरंगीकर

वरच्या मुद्द्याला माझी थोडी पुरवणी. सरकारी पगार होताच, पण पेठेला खरी चरबी चढली ती १९५५ नंतर. भारताने आर्थिक नाकेबंदी केली आणि गोव्यातल्या पोर्तुगीज सरकारने आयात मोकळी सोडली. माझे मामा पणजीत एका कापडाच्या दुकानात गड्यापासून मुनीम झाले. त्यांच्याकडून ऐकलेलं: जपानी नायलॉन, स्विस घड्याळं, विलायती दारू, पार्कर पेनं, सगळं काउंटरवर राजरोस. १९५९ मध्ये रुपिया जाऊन एस्कुदो आला, एका रुपियाला सहा. मामा म्हणायचे, सहाचा पाढा तेव्हा गोव्यातल्या म्हाताऱ्या बायकांनासुद्धा तोंडपाठ झाला.

मुक्तीनंतर काही वर्षं मुंबई-कोल्हापूरची माणसं तो शिल्लक माल घ्यायला पणजीला लोटली. आम्ही मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून बोटीने यायचो. रोहिदास, चंद्रावती, नंतर कोकणसेवक आणि कोकणशक्ती. रात्रभर डेकवर वळकटी टाकून पडायचं, सकाळी आग्वाद दिसला की सगळे एका बाजूला. बोट लागायची सचिवालयाजवळच्या धक्क्याला आणि उतरल्या पावली तुम्ही पेठेतच. हमाल, चहा, छत्री दुरुस्त करणारा, लॉज, सगळं दोनशे पावलांत. पेठेचं तोंड नदीकडे होतं हो! बोट बंद झाली, बसस्टँड पाट्टोला गेला, आणि पेठेची पाठ झाली तिकडे. आजचा प्रवासी पुलावरून थेट पलीकडे जातो.

फेरीबोट_बेती

नाना, पुलाचं नाव काढलंत म्हणून. १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला. जेमतेम सोळा वर्षांचा पूल. तेव्हा काही वर्षं सगळं गाव परत फेरीवर आलं. वडील सांगायचे, पलीकडच्या बेतीच्या धक्क्यावर भुईमूग-शेंगावाला श्रीमंत झाला. नदीकाठच्या दुकानदारांनाही ते दिवस बरे गेले असणार.

अवांतर: जवळच लिन्हारिसचा पूल साडेतीनशेहून जास्त वर्षं उभा. कंत्राटदार कोण होता ते शोधा कुणीतरी.

तिरकस

कंत्राटदाराचं माहीत नाही, टक्केवारी नक्की कमी असणार.

कोर्टाची_पायरी

पगार, बोट, पूल सगळं ठीक. पण इमारत पडते ती कागदामुळे. मी गोव्यात वकिली करते, म्हणून सांगते.

पहिलं: इथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा. नवराबायकोची मालमत्ता सामाईक, त्यांच्या मागे मुलगा-मुलगी समान वारस, आणि मृत्युपत्र केलं तरी साधारणपणे निम्म्यापेक्षा जास्त वारसांच्या बाहेर देता येत नाही. न्याय म्हणून उत्तम. बायकांच्या दृष्टीने तर बाकी देशाने हेवा करावा असा. पण एका दुमजली घराचं गणित मांडा. आजोबांची सहा मुलं, त्यांची प्रत्येकी चार, त्यातले अर्धे मुंबई, लिस्बन, लंडन, टोरांटोला. प्रत्येकाची त्यांच्या जोडीदारासह सही. एक कौल बदलायला हरकत नाही, पण विकायला, गहाण टाकायला, मोठी दुरुस्ती करायला चाळीस सह्या. एक आत्या रुसली की दहा वर्षं.

यावर उपाय आहे, इन्व्हेंटरीचा दावा. त्यात वारसांमध्येच बोली लागते आणि जो जास्त बोलेल तो घर घेऊन बाकीच्यांना पैसे देतो. ज्यांनी वेळेत हे केलं त्यांची घरं उभी आहेत. 'भावंडांत कशाला कोर्ट' म्हणून जे थांबले त्यांच्या घरातून पिंपळ आलाय.

दुसरं: १९६८ चा भाडेनियंत्रण कायदा. जुना भाडेकरू सहज निघत नाही, भाडं नावापुरतं. मालक म्हणतो मी का खर्च करू, भाडेकरू म्हणतो घर माझं नाही. दोघांच्या मधून पाणी गळतं.

गाळेमालक_नाइलाजाने

ताई, मनातलं बोललात. आमच्या घराण्याची पेठेत एक इमारत आहे, कुठली ते सांगत नाही. खाली तीन गाळे. तिन्हींचं मिळून महिन्याचं भाडं येतं त्यात आमच्या चौघांचं एकवेळचं मासे-जेवण होणार नाही. छपराच्या दुरुस्तीचा अंदाज काढला तो लाखांत. शिवाय वारसा म्हणून लोक येऊन फोटो काढतात आणि वर आम्हालाच सुनावतात, 'किती दुर्लक्ष केलंय!' चिरेबंदीसाहेब, तुमचं 'रोज फळी उघडली की छप्पर टिकतं' हे वाक्य ऐकायला गोड आहे. आमच्या गाळ्यांच्या फळ्या रोज उघडतात. छप्पर तरी गळतंच.

शिंपी_गल्ली

दुसरी बाजूही ऐका. आम्ही भाडेकरू, शिवणकामाचं दुकान, वडिलांच्या आधीपासून. भाडं कमी आहे हे कबूल. पण आतली फरशी, वायरिंग, मागची भिंत, दोनदा बदललेली दाराची चौकट हे सगळं आमच्या खर्चाने. मालक वर्षातून एकदा गणपतीला दिसतात. आम्ही नसतो तर तो गाळा केव्हाच बारला गेला असता. आणि आम्ही निघालो तर पुढच्याला मालक बाजारभावाने देणार, तो शिंपी नसणार एवढं नक्की.

चिरेबंदी_वाडीकर

दोघंही बरोबर वाटता हीच अडचण आहे. @गाळेमालक, माझ्या वाक्यात एक दुरुस्ती सुचवतो: फळी उघडणाऱ्याच्या हातात छपराचा पैसा आणि अधिकार दोन्ही हवेत. तुमच्याकडे अधिकार, त्यांच्याकडे फळी, आणि पैसा कुणाकडेच नाही.

गाळेमालक_नाइलाजाने

हे मान्य. @शिंपी_गल्ली, तुम्ही आमचे भाडेकरू नाही ना? आम्ही गणपतीलाच जातो म्हणून विचारलं.

शिंपी_गल्ली

देवाशपथ नाही. तुमचे असतो तर चतुर्थीच्या पातोळ्या पाठवल्या असत्या.

चुना_आणि_चिरा

बांधकामातला माणूस आहे. कागद सोडून जरा भिंतीकडे वळू.

या इमारती जांभ्या चिऱ्याच्या, चुन्यात बांधलेल्या आणि चुन्याचाच गिलावा. चिरा स्पंजासारखा पाणी पितो आणि उन्हात सोडतो. चुना त्याला श्वास घेऊ देतो. पावसाळा संपला की चुन्याचा हात द्यायचा हे वर्षाचं कामच होतं. हल्ली मालक हौसेने सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिकचा झगझगीत रंग मारून घेतात, फोटोत छान दिसतं. आतलं पाणी अडकतं, तळापासून कंबरेएवढ्या उंचीवर मीठ फुलतं, रंगाला फोड येतात. नख लावलं की पापुद्रा सुटतो आणि मागून ओली लाल भुकटी ओघळते. मी पेठेतल्या एका दुकानात कपाट हलवलं तर मागची भिंत बोटाने कोरता येत होती. बाहेरून तीच भिंत जांभळी, सुंदर, सेल्फीसाठी रांग.

खिडक्यांचं वेगळंच. जुन्या झडपांत काचेऐवजी शिंपल्याच्या चौकोनी चकत्या असायच्या, लाकडी पट्ट्यांच्या खाचेत सरकवलेल्या. दुपारचा उजेड दुधासारखा पडतो आत. एक फुटली तर दुसरी आणायची कुठून? ती शिंपली आता वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहे. मोडलेल्या घरांतून जपून काढून ठेवलेल्या चकत्या हाच साठा. सुतारही बोटावर मोजण्याएवढे.

बन्स_आणि_भाजी

'बाहेरून जांभळी, आतून भुकटी' हे आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनाही लागू.

रोखठोक_म्हापसा

सगळे उसासे टाकताय पण कॅसिनोचं नाव कुणी घेत नाही. नदीकाठच्या रस्त्यावर संध्याकाळी जाऊन बघा. दिव्यांच्या पाट्या, बस, टॅक्सी. पेठेतला माणूस संध्याकाळी नदीवर फिरायला जायचा, तो जायचा बंद झाला. जिथे बोटीचे उतारू उतरायचे तिथून आता जुगारी चढतात.

कांपालची_सून

असहमत. कॅसिनो मलाही आवडत नाहीत, पण पेठेतली दुकानं त्याआधीच मरू लागली होती. २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा पैसा एका झटक्यात आटला, बार्ज नदीत नुसत्या उभ्या. त्यावर आली ऑनलाइन खरेदी आणि पर्वरीचा मॉल. माझ्या नात्यातली दोन मुलं कॅसिनोत नोकरीला आहेत, त्यांच्या पगारावर घर चालतं. शिवाय कांपालला बघा. १८४२ च्या मेडिकल स्कूलची परंपरा सांगणारी इस्पितळाची जुनी इमारत २००४ पासून इफ्फी या चित्रपट महोत्सवामुळे झाडूनपुसून उभी आहे. सेरेंडिपिटी कलामहोत्सवाच्या वेळी जुनं सचिवालय माणसांनी भरतं. बाहेरच्या पैशाने इमारती वाचतातही.

रोखठोक_म्हापसा

वर्षातले मोजके दिवस भरतं. बाकीचे दिवस संमोहनवाल्या आबे फारियाचा पुतळा एकटाच तिथे हात पसरून उभा असतो.

पिंपळपान

समोरच्या बाईला झोपवतोय म्हणे. आमदारांना झोपवून झालं, मग विधानसभा पर्वरीला गेली.

देशपांडे_ठाणे

मी एक विचारू? पणजीच्या पेठेत पाट्या मराठी जास्त की कोकणी? कारण १९६७ च्या जनमत कौलात…

संपादक_मंडळ

हा विषय इथे नको. त्यासाठी आधीच अकराशे प्रतिसादांचा धागा आहे आणि तो कुलूपबंद आहे.

नाना_सुरंगीकर

संपादकांचे आभार. एक अवांतर, पण पेठेचंच. बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु या पोर्तुगीज बँकेत लोक दागिने गहाण ठेवून धंद्याला भांडवल उचलायचे. मुक्तीच्या आधी ते सोनं बँकेने लिस्बनला हलवलं. परत आलं १९९१ मध्ये, तीस वर्षांनी! मामीच्या पाटल्या त्यातल्याच. तोवर मामा गेले होते आणि पाटल्या कुणाच्या यावर तिघा सुनांत अबोला. कोर्टाची_पायरी ताईंना हे सांगायला नको.

कोर्टाची_पायरी

नाना, पत्ता पाठवा. फी परवडेल अशी लावते. :)

मांडवीकाठचा

आता मूळ प्रश्नाकडे, नाहीतर चिरेबंदी रागावतील. मी शनिवारी सकाळी मुद्दाम चालून आलो.

चर्चसमोर सिंगबाळांचं पुस्तकाचं दुकान अजून पुस्तकंच विकतं. शाळेच्या वह्यांना गर्दी होती, म्हणजे गिऱ्हाईक गावचं. सां तोमेत आत शिरलात तर एक-दोन छोटी तावेर्न, सकाळी बंद, संध्याकाळी उभ्याने पिणारे शेजारी. तिथे वरच्या गॅलरीत वाळत घातलेले शर्ट आणि चादरी दिसल्या, म्हणजे राहती माणसं आहेत. फोंताईन्हासच्या तोंडाशी ३१ जानेवारी रस्त्यावर बेकरी. पर्यटक येतात खरे, पण सकाळी लवकर गेलात तर पिशवी घेऊन आलेले शेजारीच. बागेच्या आसपास औषधांची जुनी दुकानं. त्यांच्या गल्ल्यावरचा माणूस अजून 'पोटात दुखतं' एवढ्यावर पुडी देतो. आणि बाजाराच्या बाजूला, जिथे कुणी कॅमेरा काढत नाही, तिथे दोर, जाळी, पत्र्याचे डबे, सुकी मासळी. इमारती कुरूप, पत्र्याची छपरं चढवलेली, पण तुमच्या व्याख्येत सगळ्यात चपखल बसतात त्याच. वारशाच्या यादीत त्यांचं नाव कुणी घालणार नाही.

वर बिऱ्हाड मात्र फार कमी. बहुतेक ठिकाणी वर गोदाम, क्लासेस किंवा बंद झडपा. मी बघितलं त्यावरून सांगतो, खाली दुकान टिकलंय, वरचा माणूस गेलाय. घराला कुलूप लावून पर्वरीच्या फ्लॅटमध्ये गेलाय, कारण तिथे लिफ्ट आहे, गाडी लागते आणि जोराच्या पावसात भरती आली तरी जिन्यात पाणी येत नाही.

चिरेबंदी_वाडीकर

याच उत्तरासाठी धागा काढला होता, मांडवीकाठ. बाजाराच्या बाजूचं माझ्या डोक्यातच नव्हतं. म्हणजे वरचं बिऱ्हाड परत आणायचं असेल तर रंगाच्या अनुदानापेक्षा गटार आधी. येत्या रविवारी आईला घेऊन येतोच.

बन्स_आणि_भाजी

रविवारी?? रविवारी पेठ बंद असते हो. आणि इतर दिवशीही एक ते साडेतीन येऊ नका, झोपलेल्या दुकानदाराला उठवलंत तर भाव दुप्पट.

फेरीबोट_बेती

शनिवारी या. गाडी पणजीत घालू नका, बेतीला लावा आणि फेरी धरा. पायी माणसाला तिकीट नाही. आईंना धक्क्यापासून पेठ चालत पाच-सात मिनिटं. सकाळी नवाच्या आत पोचा, नाहीतर बन्स संपल्याचं वेटरच्या चेहऱ्यावर वाचावं लागेल.